पाच नंबर

आइस हॉकीचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला पकच दिसत नाही. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची ती काळी रबरी चकती बर्फावरून इतक्या वेगाने जाते, की नवख्या प्रेक्षकाला गोल झाल्याचे लोकांच्या आरोळीवरून कळते आणि तोपर्यंत सारे संपलेले असते. १९९९च्या हिवाळ्यात मी डेट्रॉइटमध्ये नोकरीसाठी आलो तेव्हा माझीही हीच गत होती. आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या तंत्रज्ञाने मला जो लुई अरीनामध्ये पहिला सामना दाखवायला नेले आणि माझी मान टेबल टेनिसच्या प्रेक्षकासारखी इकडून तिकडे वळताना पाहून तो म्हणाला, ‘‘पक शोधू नकोस. पाच नंबर पाहा. पक त्याच्याकडे येईल.’’

पाच नंबर म्हणजे निक्लास लिडस्ट्रॉम, डेट्रॉइट रेड विंग्जचा स्वीडिश बचावपटू. त्या संध्याकाळी मी तासभर फक्त त्याच्याकडे पाहिले आणि खरे सांगायचे तर फारसे काही दिसले नाही. तो कुणाला धडकला नाही, कुणाशी भांडला नाही, जीव खाऊन धावतानाही दिसला नाही. प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूने चाल करून यायचे आणि मग ती चाल, काही विशेष घडल्याचे न जाणवता, कडेच्या फळीपाशी जाऊन विरून जायची. असे पाच-सहा वेळा झाल्यावर मला शंका येऊ लागली, की हा योगायोग नसावा.

माझी नोकरी मोटारींच्या ब्रेकशी संबंधित होती. ब्रेकवर काम करणाऱ्या माणसाचे यश मोजायची सोय नसते. गाडी थांबली, कुणाला काही झाले नाही, ही बातमी होत नाही. दर जानेवारीत आम्ही मिशिगनच्या उत्तर भागात, उणे वीस अंशांत, मुद्दाम गोठवून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांवर गाड्या पळवायचो आणि चाक घसरण्याच्या किती आधी यंत्रणेला त्याची चाहूल लागते हे पाहायचो. त्यामुळे बर्फावर ताबा म्हणजे काय चीज असते याची मला थोडी कल्पना होती, आणि कदाचित म्हणूनच आक्रमकांच्या त्या संघात मला हा न दिसणारा माणूस आवडू लागला.

बचावपटूचे काम थोडे समजावून सांगायला हवे. रिंगण दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद. गोलरक्षक धरून एका बाजूचे सहा जण बर्फावर, त्यांत बचावपटू दोन. समोरचा खेळाडू पूर्ण वेगात अंगावर येत असताना बचावपटूला त्याच्याकडे तोंड ठेवून उलटे स्केटिंग करत मागे जावे लागते. दोघांमधले अंतर हा सगळा मामला आहे. अंतर फार राखले तर समोरच्याला नेम धरायला निवांत वेळ मिळतो. फार कमी केले तर तो एका झुकांडीत बाजूने निसटतो आणि उलट्या पावली जाणारा बचावपटू वळेपर्यंत गोलरक्षकाच्या पुढ्यात पोहोचतो. त्या मधल्या अंतरात स्टिकचे पाते बर्फावर टेकवून पासची वाट अडवायची, आपले शरीर गोल आणि आक्रमक यांच्या मधोमध ठेवायचे, आणि त्याला न कळत कडेकडेला सरकवत न्यायचे. कबड्डीतला जाणता कोपरारक्षक चढाई करणाऱ्याला आपल्या सोयीच्या जागी येऊ देतो, तसलाच हा प्रकार आहे, फक्त ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगात. आणि पक हाती आला की काम निम्मेच झालेले असते, कारण दोन खेळाडू अंगावर झेपावत असताना तो नेमका आपल्या पुढच्या फळीच्या स्टिकवर पोहोचवायचा असतो. एवढे सगळे पाऊण मिनिटाच्या पाळीत करून बाकावर यायचे, दम घ्यायचा आणि पुन्हा जायचे. लिडस्ट्रॉम हे एका सामन्यात पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ करत असे.

तो १९७० साली स्वीडनमधल्या क्रिल्बू इथे जन्मला, शेजारच्या आवेस्ता गावात वाढला आणि वेस्तेरोसच्या संघातून खेळू लागला. १९८९च्या खेळाडू-निवडीत डेट्रॉइटने त्याला तिसऱ्या फेरीत, ५३व्या क्रमांकावर घेतले. त्याच दिवशी त्यांनी पुढे गाजलेल्या दोन रशियन खेळाडूंना, सर्गेई फेदोरोव्हला ७४व्या आणि व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हला २२१व्या क्रमांकावर घेतले, हे आज वाचले की बाकीच्या संघांचे निवडकर्ते त्या दिवशी काय करत होते, असा प्रश्न पडतो. त्यांचे उत्तर सरळ होते: युरोपातली पोरे कौशल्यवान असतात, पण उत्तर अमेरिकेतल्या लहान रिंगणांत, ठोशांना ठोसा देणाऱ्या खेळात ती टिकत नाहीत. बाहेरून आलेल्या माणसाविषयीचा असा समज किती चिवट असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडेही ‘हे लोक गणित उत्तम करतात, पण बैठक चालवणे यांना जमत नाही’ असे गोड शब्दांत बोलले जायचे.

१९९१मध्ये लिडस्ट्रॉम डेट्रॉइटला आला. त्याला जोडीदार म्हणून ब्रॅड मॅक्रिमन हा अनुभवी कॅनेडियन बचावपटू मिळाला आणि पहिल्याच मोसमात त्याने ८० सामन्यांत ६० गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना दिलेला हातभार मिळून) मिळवले. नवोदितांच्या पुरस्कारात त्याच्या पुढे फक्त पावेल ब्युरे होता. मॅक्रिमनचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नव्या मुलाला आधार देऊन स्वतः मागे राहणाऱ्या जोडीदारांची नावे कुठल्याच चषकावर मोठ्या अक्षरांत नसतात. २०११च्या सप्टेंबरमध्ये रशियात यारोस्लाव्हलच्या संघाचे विमान कोसळले त्यात तो गेला. त्या संघाचा तो प्रशिक्षक होता.

त्या तंत्रज्ञाकडे १९९७च्या अंतिम फेरीच्या व्हिडिओ टेप होत्या आणि त्या त्याने मला जवळजवळ सक्तीने दाखवल्या. डेट्रॉइटने स्टॅन्ली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या या खेळाचा सर्वोच्च चषक, जिंकून ४२ वर्षे उलटली होती. समोर फिलाडेल्फियाचा संघ होता आणि त्यांचा कर्णधार एरिक लिंड्रॉस, धिप्पाड आणि वेगवान, आपल्या दोन तितक्याच दांडग्या जोडीदारांसह वाटेत येईल त्याला फळीवर चिरडत अंतिम फेरीपर्यंत आला होता. सगळ्यांचा अंदाज असा, की प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्यांच्यासमोर कॉन्स्टँटिनोव्हला उभे करणार. कॉन्स्टँटिनोव्ह हाडे मोडेल असा धडक देणारा बचावपटू होता; दगडाला दगड हा हिशेब सर्वांना पटणारा होता. बोमनने लिंड्रॉसपुढे लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही जोडी उतरवली, म्हणजे संघातले सर्वांत कमी धडका देणारे दोघे.

टेपवर तो खेळ मी कितीतरी वेळा पाहिला आहे. लिंड्रॉस पक घेऊन येतो, खांदा पुढे काढून धडकेच्या तयारीत असतो, आणि धडकायला समोर कुणी नसतेच. लिडस्ट्रॉम हातभर मागे सरकलेला असतो. त्याच्या स्टिकचे टोक कुठून तरी येते, पकला हलकेच बाजूला सारते, मर्फी तो उचलून पुढे देतो आणि लिंड्रॉस आपल्याच जोराने कोपऱ्यात जाऊन पोहोचतो. ताकदवान माणसाला ताकद लावायला काहीतरी घट्ट लागते. ते त्याला मिळूच द्यायचे नाही, अशी ही युक्ती होती. डेट्रॉइटने चारही सामने जिंकले. लिंड्रॉसला साऱ्या मालिकेत एकच गोल करता आला, तोही चौथ्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत, जेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

विजयानंतर सहाव्या दिवशी कॉन्स्टँटिनोव्ह ज्या भाड्याच्या लिमोझिनमधून घरी चालला होता ती झाडावर आदळली. तो वाचला, पण पुन्हा खेळू शकला नाही. पुढच्या वर्षी संघाने कप पुन्हा जिंकला तेव्हा तो चाकांच्या खुर्चीत बसून बर्फावर आला आणि कप त्याच्या मांडीवर ठेवला गेला. संघाच्या बचावाचा भार त्यानंतर लिडस्ट्रॉमवर आणखी वाढला आणि त्याची कारकीर्द खऱ्या अर्थाने त्याच सुमारास बहरली, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहिताना अजूनही हात जरा अडखळतो.

सर्वोत्तम बचावपटूला दरवर्षी जो नॉरिस पुरस्कार मिळतो तो जेम्स नॉरिस यांच्या नावाचा, म्हणजे डेट्रॉइटच्याच एका जुन्या मालकाच्या नावाचा आहे. १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षे लिडस्ट्रॉम त्यात दुसरा आला. याच काळात, मुलांच्या शाळेचे वय झाले म्हणून तो स्वीडनला परतण्याचा विचार करत असल्याची बातमी आली होती. ‘दोन वर्षांसाठी’ म्हणून आलेल्या आम्हा मंडळींच्या घरांत तीच चर्चा रोज रात्री जेवताना होत असे, त्यामुळे मी ती बातमी खेळाच्या पानावर वाचली तरी घरगुती बातमीसारखी वाचली. तो राहिला. २००१मध्ये त्याला नॉरिस मिळाला, युरोपात जन्मून तिथेच घडलेल्या खेळाडूला प्रथमच. मग २००२ आणि २००३, पुढे २००६, २००७, २००८ आणि शेवटी २०११: एकूण सात. बॉबी ऑरचे आठ आहेत. सात गाठणारा दुसरा फक्त डग हार्वी.

२००२च्या एप्रिलमध्ये माझे वडील, अण्णा, सहा महिन्यांसाठी नाशिकहून आले. बाहेर अजून थंडी होती, ओळखीचे कुणी नव्हते, आणि टीव्हीवर क्रिकेट नव्हते. नाइलाजाने ते माझ्याबरोबर हॉकी पाहू लागले. स्टॅन्ली कपच्या पहिल्या फेरीत व्हँकुव्हरने आम्हाला आमच्या घरच्या मैदानावर दोन सामने हरवले होते. तिसरा सामना व्हँकुव्हरला, बरोबरी, दुसरे सत्र संपायला अर्धे मिनिटही उरलेले नव्हते, तेव्हा लिडस्ट्रॉमने रिंगणाच्या मध्यरेषेवरून पक हाणला. एवढ्या लांबून कुणी गोल करायच्या इराद्याने मारत नाही. मारतात ते पक पलीकडे टाकून खेळाडू बदलण्यासाठी. पण तो डॅन क्लूटिए या गोलरक्षकाला चकवून जाळ्यात गेला. मी सोफ्यावरून उठून ओरडलो. अण्णा बसूनच राहिले. तो सामना आम्ही जिंकला, त्यानंतरचे तीनही जिंकले, आणि जूनमध्ये कॅरोलिनाला हरवून कपही जिंकला. त्या अंतिम फेरीत पहिला सामना गमावल्यावर दुसऱ्यातला निर्णायक गोल लिडस्ट्रॉमचा होता आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मायथ पुरस्कारही त्यालाच मिळाला. तोही कुणा युरोपीय खेळाडूला तोवर मिळाला नव्हता.

अण्णांना मात्र तो मध्यरेषेवरचा गोल काही विशेष वाटला नव्हता. ‘‘लागलं ते नशीब,’’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला. पण आठवडाभराने, एका सामन्यात निवांत बसलेले असताना, ते एकदम म्हणाले, ‘‘हा बापू नाडकर्णी आहे रे.’’

बापू नाडकर्णी आमच्या नाशिकचे. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावातले त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी असे होते, आणि अण्णा ते पाढ्यासारखे म्हणून दाखवत. सरावाच्या वेळी बापू खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकत, ही गोष्टही त्यांनी मला लहानपणापासून शंभरदा सांगितलेली. मी नेहमीप्रमाणे हुज्जत घातली, की बळी एकही नाही, सामना अनिर्णित, साऱ्या मालिकेत पाचच्या पाच सामने अनिर्णित, तर त्या निर्धाव षटकांचे करायचे काय? अण्णा म्हणाले, ‘‘समोरच्याला काही करू न देणं हे तुला काम वाटत नाही?’’ ब्रेकवर पोट असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे जरा अन्यायाचेच होते.

एवढे मात्र मी आजही म्हणेन, की तुलना अपुरी आहे. नाडकर्णी फलंदाजही चांगले होते, त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद १२२ धावा काढल्या; पण ती गोलंदाजी नुसती रोखणारी होती. लिडस्ट्रॉम रोखता रोखताच उलटा वार करत असे. २० मोसमांत त्याने २६४ गोल केले आणि ८७८ गोलांना हातभार लावला. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचा एखादा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, तो गोलपासून दूर निळ्या रेषेवर उभा राहायचा, त्याचा सहकारी टोमास होल्मस्ट्रॉम गोलरक्षकाच्या नाकासमोर पाठ करून त्याची नजर अडवायचा, आणि लिडस्ट्रॉम पक जोरात मारण्याऐवजी बुटाच्या उंचीवरून, वाटेतल्या पायांच्या जंगलातून काढायचा, म्हणजे होल्मस्ट्रॉमला नुसते स्टिकचे पाते लावून दिशा बदलता यावी. कधी तो मुद्दाम गोलच्या बाजूला मारायचा. जो लुई अरीनाच्या मागच्या फळ्या फार उसळत्या होत्या, त्यांवरून पक परत येऊन नेमका आपल्या खेळाडूपुढे पडायचा. चुकलेला नेम म्हणून पाहुणे प्रेक्षक हसायचे आणि पुढच्या क्षणी गोल झालेला असायचा.

१,५६४ सामन्यांत त्याला एकूण ५१४ मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा झाली, म्हणजे तीन सामन्यांमागे एक मिनिट. बचावपटूच्या बाबतीत हा आकडा चमत्कारिक आहे, कारण मागे पडलेला माणूस पकडतो, ओढतो, पाय अडकवतो. शिक्षा ही बहुतेक वेळा उशिरा पोहोचण्याची असते. त्याच्या काळात संघाचे १,६०८ साखळी सामने झाले, त्यांतले फक्त ४४ त्याचे चुकले, आणि त्या वीस मोसमांत एकदाही संघ बाद फेरीला मुकला नाही. सहकारी त्याला ‘परिपूर्ण माणूस’ म्हणून चिडवत. मला हे टोपणनाव कधी आवडले नाही. त्यात कौतुकाच्या आडून थोडा कंटाळा डोकावतो, आणि कंटाळा हा त्याच्यावरचा खरा आरोप होता. पत्रकारांना त्याच्याकडून मथळ्याजोगे वाक्य मिळत नसे. २००६मध्ये वीस वर्षे कर्णधार राहिलेला स्टीव्ह आयझरमन निवृत्त झाला आणि ते पद लिडस्ट्रॉमकडे आले, तेव्हा हा इतका अबोल माणूस काय नेतृत्व करणार, असेही बोलले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तुरीनला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, तिसरे सत्र सुरू होऊन दहा सेकंद होताहेत तोच, फिनलंडविरुद्ध स्वीडनला सुवर्ण मिळवून देणारा गोल त्याने केला होता. आणि २००८मध्ये पिट्सबर्गला हरवून त्याने कप उचलला, तसा तो उचलणारा युरोपात घडलेला पहिला कर्णधार.

२००९ची गोष्ट वेगळी आहे. पुन्हा पिट्सबर्गच समोर होते. उपांत्य फेरीत नाजूक जागी मार बसून लिडस्ट्रॉमवर शस्त्रक्रिया झाली होती. दोन सामने बाहेर राहून तो परत आला होता. शहराची अवस्था मात्र त्याच्याहून वाईट होती. एप्रिलअखेर क्रायस्लर दिवाळखोरीत गेली, आणि अंतिम फेरी सुरू असताना, १ जूनला, जनरल मोटर्स. आमच्या कंपनीत दर शुक्रवारी काही टेबले रिकामी होत. ज्याला खोलीत बोलावले तो खोके घेऊनच बाहेर येई. मी त्या दिवसांत सामने पाहायचो ते दोन तास काही विचार करावा लागू नये म्हणून.

१२ जूनला सातवा सामना, आमच्या घरच्या मैदानावर. आम्ही २–१ने मागे. शेवटचे काही सेकंद, पक पिट्सबर्गच्या गोलपाशी, एक फटका अडतो, पक उडून डावीकडे येतो आणि तिथे पाच नंबर उभा असतो. इतकी वर्षे पक त्याच्याकडे येतो हे मी पाहत आलो होतो, तसाच तो आला. त्याने मारलाही नीट. गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरीने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला स्वतःला अक्षरशः फेकले, पक त्याच्या अंगावर आदळला आणि घड्याळ संपले. आयुष्यभर दुसऱ्यांचे गोल होऊ न देणाऱ्याचा गोल कुणीतरी होऊ दिला नाही. मी टीव्ही बंद केला. कॅमेऱ्याने शेवटी त्याचा चेहरा दाखवला असेल तर तो मी पाहिलेला नाही, आणि नंतरही मुद्दाम पाहिला नाही.

त्यानंतर तो तीन मोसम खेळला. २०१०च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, सेंट लुईविरुद्ध कारकिर्दीतली पहिली आणि एकमेव हॅट्ट्रिक, म्हणजे एका सामन्यात तीन गोल, केली. त्याच मोसमात, तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि संघावर झालेल्या गोलांचा हिशेब पहिल्यांदाच उणे आला, उणे दोन. आणि नॉरिस पुरस्कारही त्याच मोसमाचा मिळाला. सगळ्या मोसमांची बेरीज अधिक ४५० आहे.

३१ मे २०१२ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याचे म्हणणे साधे होते: हव्या त्या पातळीवर खेळण्यासाठी लागणारी उमेद पूर्वीइतकी राहिली नाही. कुटुंब घेऊन तो वेस्तेरोसला परतला. २०१४मध्ये त्याची पाच नंबरची जर्सी अरीनाच्या छताला टांगली गेली आणि २०१५मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

निवृत्तीची बातमी आली त्या रात्री मी नाशिकला फोन केला. अण्णांची ऐंशी जवळ आली होती, ऐकू कमी येत होते, पण पाच नंबर म्हटल्यावर त्यांना लगेच कळले. ‘‘बापू गेला का घरी?’’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘‘हो अण्णा, स्वीडनला परत चाललाय. मुलांसाठी.’’ पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, ‘‘आणि तुझं काय ठरलं?’’

त्या वर्षी संघाने घरच्या मैदानावर सलग २३ सामने जिंकून विक्रम केला होता. मी त्यांना त्याविषयी सांगू लागलो.